क्रेन मोजून करिअर ठरवू नका

गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात मोठ्या कामांच्या उद्घाटनांची रांग लागली. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू सुरू झाला. जून 2025 मध्ये 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग शेवटच्या टप्प्यासह पूर्ण खुला झाला. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबईची भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत पोचली आणि त्याच दिवशी नवी मुंबई विमानतळाचंही उद्घाटन झालं. चालू असलेल्या कामांची यादी याहून लांब आहे. बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा हा 21 किलोमीटरचा बोगदा, ठाणे-बोरिवली जुळे बोगदे, वाढवण बंदर, पुण्याचा रिंग रोड, नाशिकला सिंहस्थासाठी चाललेली कामं, आणि ऐरोली-महापे पट्ट्यात उभी राहणारी डेटा सेंटर्स. केंद्राच्या अर्थसंकल्पातला भांडवली खर्च 2014-15 मध्ये दोन लाख कोटींच्या थोडा आत होता. 2025-26 साठी त्याची तरतूद 11.21 लाख कोटी होती. हे सगळं पाहून स्थापत्याची पदविका किंवा पदवी घेणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या पालकांना वाटतं की पुढची वीस वर्षं या क्षेत्रात कामाला तोटा नाही. कामाला तोटा नाही हे खरं आहे. पण काम असणं आणि तुम्हाला चांगली, टिकणारी, वाढत जाणारी नोकरी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांधकाम व्यवस्थापक व्हायचं असेल तर या दोहोंतलं अंतर आधी समजून घ्यायला हवं.

पहिली गोष्ट म्हणजे घोषणा आणि काम यांत वर्षं जातात. बुलेट ट्रेनचं भूमिपूजन सप्टेंबर 2017 मध्ये झालं, पण महाराष्ट्राच्या हद्दीतल्या कामांना खरा वेग यायला आणखी पाचेक वर्षं लागली. जमीन ताब्यात येणं हेच मोठं काम होतं. शक्तिपीठ महामार्गाला कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्यांचा विरोध किती तीव्र आहे हे सगळ्यांनी पाहिलं आहे. अशा प्रकल्पाच्या भरवशावर शिक्षणाची शाखा निवडणं धाडसाचं ठरेल. दुसरी गोष्ट, प्रकल्प कितीही मोठा असला तरी त्यावर व्यवस्थापक मोजकेच लागतात. हजारो मजूर, शे-दीडशे साइट इंजिनिअर आणि फोरमन, मग बिलिंग, प्लॅनिंग, क्वालिटी, सेफ्टी यांचे विभागप्रमुख, आणि वर एक प्रोजेक्ट मॅनेजर अशी ती उतरंड असते. खालच्या पायरीवर भरती भरपूर असते आणि गळतीही तितकीच. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, आणि भरतीच्या जाहिरातीत ती कुणी लिहीत नाही. या धंद्यात काम चांगलं झालं की काम संपतं. कारखान्यात उत्पादन वाढलं तर नोकरी पक्की होते. साइटवर शेवटचा स्लॅब पडला की निम्मी टीम मोकळी होते. म्हणून खरा प्रश्न ‘आत्ता नोकरी मिळेल का’ हा नाही. ही साइट संपल्यावर पुढच्या साइटवर मालक किंवा ठेकेदार मला मुद्दाम बोलावून घेईल का, हा आहे.

तो बोलावून घेतो तो कुणाला? नुसतं काम करवून घेणारा माणूस बाजारात मिळतो. अनुभवी मुकादम आणि फोरमन कित्येक इंजिनिअरांपेक्षा ते अधिक चांगलं करतात, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही. गेल्या आठ-दहा वर्षांत मागणी वाढली आहे ती झालेल्या कामाचा, लागलेल्या वेळेचा आणि खर्च झालेल्या पैशाचा पुरावा उभा करू शकणाऱ्या माणसाची. बांधकाम व्यवस्थापकाच्या नोकरीचं भवितव्य तेजी-मंदीपेक्षा या उत्तरदायित्वावर जास्त अवलंबून आहे असं माझं मत आहे, आणि त्यामागे कायद्याचा आणि करारांचा भक्कम आधार आहे.

घरबांधणीपासून सुरुवात करू. 2016 चा स्थावर संपदा कायदा आणि मे 2017 पासून महाराष्ट्रात काम करू लागलेलं महारेरा यांनी बिल्डरच्या कार्यालयातली कामाची रीतच बदलली. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते, आणि ती काढायची तर काम किती टक्के झालं याचं प्रमाणपत्र इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सनदी लेखापाल या तिघांनी द्यावं लागतं. म्हणजे साइटवरच्या प्रगतीचा आकडा आता थेट बँक खात्याला जोडला गेला आहे. बाराव्या मजल्याचं वीटकाम पूर्ण झालं की अर्धवट आहे, हा प्रश्न पूर्वी चहाच्या टपरीवर सुटायचा. आता त्यावर पैसे अडतात. ताबा द्यायला उशीर झाला तर ग्राहकाला व्याज द्यावं लागतं. ताबा दिल्यानंतर पाच वर्षांत रचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष निघाला तर तो तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. दर तिमाहीला प्रगतीची माहिती संकेतस्थळावर भरावी लागते. ती न भरणाऱ्या शेकडो प्रकल्पांची नोंदणी महारेराने 2023 मध्ये स्थगित केली होती. राज्यात नोंदलेले प्रकल्प पन्नास हजारांच्या वर गेले आहेत. यातला प्रत्येक प्रकल्प मोठ्या कंपनीचा नाही. बरेचसे पुणे, ठाणे, नाशिक, संभाजीनगर, कोल्हापुरातल्या मध्यम आणि छोट्या बिल्डरांचे आहेत, आणि त्यांच्याकडे हे सगळं नीट सांभाळणारी माणसं कमी आहेत. गळकी भिंत पाच वर्षं आपल्या अंगावर आहे हे कळल्यावर वॉटरप्रूफिंगचा क्रम, पाँडिंग टेस्टची नोंद, क्यूब रजिस्टर, काँक्रीटचं पोअर कार्ड या गोष्टींना एकदम किंमत येते. ती किंमत ज्याला ओळखता येते, त्याची नोकरी साइटबरोबर संपत नाही.

पायाभूत कामांत हेच चित्र अधिक मोठ्या आकड्यांत दिसतं. मुंबईच्या मेट्रो-3 चा मूळ अंदाजित खर्च 23,136 कोटी रुपये होता. पूर्ण होईपर्यंत तो 37 हजार कोटींच्या वर गेला. मधल्या काळात आरेतल्या कारशेडचा वाद, न्यायालयीन स्थगिती, जागा बदलण्याचा आणि पुन्हा मूळ जागी येण्याचा निर्णय, कोविड असं सगळं घडलं. अशा प्रत्येक दिरंगाईत एक प्रश्न दडलेला असतो: ही दिरंगाई कुणाच्या खाती? मालकाने जागा उशिरा दिली, आराखडे उशिरा आले, की ठेकेदाराने यंत्रं वेळेवर आणली नाहीत? या प्रश्नाच्या उत्तरावर मुदतवाढ मिळते की दंड बसतो हे ठरतं, आणि रक्कम कोटींत असते. सल्लागार अभियंत्यांच्या ‘फिडिक’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या 1999 च्या कराराच्या नमुन्यात ठेकेदाराने अडचण कळल्यापासून 28 दिवसांत नोटीस दिली नाही तर त्याचा दावाच बुडतो. आपल्याकडच्या सरकारी करारांची कलमं वेगळी असली तरी सूत्र तेच आहे. वेळेवर लिहिलेलं पत्र, हिंड्रन्स रजिस्टरमधली नोंद, त्या दिवसाचा फोटो, सुधारित वेळापत्रक यांपैकी काही नसेल तर तोंडी सत्याला लवादापुढे मोल नाही. त्यात केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जून 2024 मध्ये सरकारी कंत्राटांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: लवादाचं कलम सरसकट घालू नये, आणि साधारणपणे दहा कोटींच्या आतल्या वादांपुरतंच ते ठेवावं. मोठे वाद आता मध्यस्थीत किंवा न्यायालयात जाणार, म्हणजे कागद अधिक काटेकोर लागणार. हा कागद सांभाळणारा माणूस वकील नसतो. तो साइटवर रोज उभा असलेला इंजिनिअरच असू शकतो, कारण तिथे नेमकं काय घडलं हे त्यालाच ठाऊक असतं.

मोठ्या प्रकल्पांच्या गलबल्यात एक क्षेत्र मात्र तरुणांच्या नजरेतून सुटतं. ते म्हणजे जुन्या गृहनिर्माण संस्थांचा पुनर्विकास. मुंबई, ठाणे, पुणे इथल्या 1960 ते 1990 च्या दरम्यानच्या हजारो इमारतींचं आयुष्य सरत आलं आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79 अ खाली सरकारने जानेवारी 2009 मध्ये आणि सुधारित स्वरूपात जुलै 2019 मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार संस्थेने पुनर्विकासासाठी आधी आर्किटेक्ट किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार, म्हणजे बोलीभाषेत पीएमसी, नेमायचा असतो. व्यवहार्यता अहवाल, निविदा, बिल्डरच्या कामावर देखरेख हे सगळं त्याच्याकडे येतं. बिल्डरशिवाय संस्थेनेच करायच्या स्वयंपुनर्विकासाला 2019 पासून सरकारी धोरणाचा आधार आहे, आणि तिथे तर पीएमसी हाच कणा असतो. या कामात टोलेजंग काहीच नाही. कमिटीच्या सभेत तीन तास बसावं लागतं, तळमजल्यावरच्या आजोबांना कार्पेट एरियाचा हिशोब चौथ्यांदा समजावून द्यावा लागतो, भाडं थकलं की सगळे फोन तुम्हालाच येतात. पण मराठीत नीट बोलू शकणाऱ्या, खर्चाचा तक्ता सामान्य माणसाला उलगडून दाखवू शकणाऱ्या इंजिनिअरला इथे जे स्थान मिळतं ते महामार्गाच्या साइटवर मिळत नाही. हे काम लाटेवर कमी आणि इमारतींच्या वयावर जास्त अवलंबून आहे. एफएसआयच्या विक्रीचं गणित बाजारभावावर चालतं, हे विसरून मात्र चालणार नाही. फ्लॅटचे भाव पडले की पुनर्विकासही थांबतो.

उत्तरदायित्वाची काळी बाजूही पाहिली पाहिजे. जुलै 2023 च्या अखेरच्या रात्री समृद्धी महामार्गाच्या शहापूर तालुक्यातल्या कामावर गर्डर लाँचर कोसळून 20 जणांचा जीव गेला. अशा दुर्घटनेनंतर गुन्हा नोंदवला जातो तेव्हा पोलिस पहिल्यांदा साइटवर सहीचा अधिकार कुणाचा होता ते पाहतात. नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आणि बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेची जबाबदारी व्यावसायिक सुरक्षा संहितेखाली आली आहे. व्यवस्थापकाच्या पदावर पगार जास्त असतो त्यात या जोखमीची किंमत धरलेली असते. म्हणून सेफ्टी हे ‘त्या विभागाचं काम’ असं मानणारा तरुण पुढे व्यवस्थापक म्हणून स्वतःलाच धोक्यात घालतो. परांची कुणी तपासली, उचल यंत्राचं चाचणी प्रमाणपत्र कधी संपतं, खोदकामाच्या कडेला किती अंतरावर माती टाकली आहे, हे बघायची सवय पहिल्याच वर्षी लागली तर लागते.

आता तुम्ही काय करायचं त्याकडे वळू. पहिली तीन-चार वर्षं शक्यतो ठेकेदाराकडे काढा. मालक, सल्लागार आणि ठेकेदार या तीन बाजूंपैकी सर्वांत जास्त दगदग आणि सर्वांत जास्त शिकणं ठेकेदाराकडे असतं, कारण पैसा त्याचा जातो. सुरुवात साइटवरच करा. लाइन-आउट, सेंटरिंगची पातळी, सळईची बांधणी, क्युअरिंग हे हातात बसल्याशिवाय पुढचं सगळं पोकळ राहतं. पण त्या साइटवरच दहा वर्षं अडकू नका. दीड-दोन वर्षांनी बिलिंग मागून घ्या. बिलिंगला नवीन मुलं कंटाळतात, कारण ते टेबलावरचं काम वाटतं. प्रत्यक्षात प्रकल्पाचा खरा आरसा तिथेच असतो: आर. ए. बिल कसं तयार होतं, मोजमाप पुस्तिकेत काय लिहिलं तर पास होतं, एक्स्ट्रा आयटमचा दर कसा मांडायचा, भाववाढीचं सूत्र कसं लावायचं, सिमेंट आणि सळईचा हिशोब जुळत नसेल तर माल नेमका कुठे गेला. त्यानंतर प्लॅनिंग. प्रायमावेरा किंवा एमएस प्रोजेक्ट शिकायला दोन महिने पुरतात, पण कुठल्या कामाला किती दिवस खरोखर लागतात हे सॉफ्टवेअर सांगत नाही. आपल्याकडच्या वेळापत्रकात पावसाळ्याचे चार महिने धरावे लागतात. होळीला आणि छठपूजेला बिहार-उत्तर प्रदेशचे सुतार आणि बंगालचे बार-बेंडर गावी जातात, निवडणुका लागल्या की पुन्हा जातात, हेही धरावं लागतं. जून ते सप्टेंबर मातीकाम पूर्ण वेगात दाखवणारं वेळापत्रक ज्याने केलं, त्याने साइट पाहिलेली नाही असं खुशाल समजा. साइट, बिलिंग आणि प्लॅनिंग या तिन्ही ठिकाणी काम केलेला इंजिनिअर तिशीच्या आसपास असतो तेव्हा त्याच्यासारखे फार थोडे उरलेले असतात, कारण बहुतेकांनी एकच टेबल धरून ठेवलेलं असतं.

यावर पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप मंदीचा. 2008 मध्ये बांधकामाला खीळ बसली होती. 2018 मध्ये आयएल अँड एफएस ही वित्तकंपनी कोलमडल्यावर कर्जपुरवठा आटला आणि कित्येक कामं अर्धवट राहिली. 2020 च्या टाळेबंदीत साइट ओस पडल्या. 2025 मध्ये राज्यातल्या ठेकेदार संघटना सरकारी कामांच्या थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या. मग उत्तरदायित्वाचं हे सगळं बोलणं पगार थकल्यावर काय कामाचं? आक्षेप खरा आहे, आणि मंदीत नोकऱ्या जातातच. पण मंदीतही काही कामं वाढतात: थकीत देयकांचे दावे, मुदतवाढीची प्रकरणं, अर्धवट प्रकल्पांचं मूल्यमापन, बँकांसाठी प्रगतीची तपासणी. तेव्हा साइट सुपरवायझरला घरी बसावं लागतं, आणि दावा मांडता येणाऱ्याला बोलावणं येतं. यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कुणाकडे नोकरी करायची हे डोळे उघडे ठेवून ठरवता येतं. बिल्डरकडे जाणार असाल तर महारेराच्या संकेतस्थळावर त्याच्या जुन्या प्रकल्पांना किती वेळा मुदतवाढ मिळाली आणि किती तक्रारी आहेत ते पाहा. ठेकेदार कंपनी असेल तर क्रिसिल, इक्रा, केअर यांसारख्या पतमानांकन संस्थांनी तिच्यावर लिहिलेली टिपणं फुकट वाचायला मिळतात. त्यात ऑर्डर बुकबरोबर येणी किती दिवसांनी वसूल होतात हेही असतं, आणि तोच आकडा तुमच्या पगाराच्या तारखेशी जास्त जवळचा असतो. भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकलं की ती दरमहा किती जणांचा पीएफ भरते ते दिसतं. तीनशे माणसं असल्याचं सांगणारी कंपनी चाळीस जणांचा पीएफ भरत असेल, तर मुलाखतीत विचारायला तो एक चांगला प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप पगाराचा. छोट्या ठेकेदाराकडे पदविकाधारकाला सुरुवातीला वीस हजारांच्या आतबाहेर मिळणं आजही नवल नाही, आणि बारा-बारा तास उभं राहावं लागतं. त्याच वर्गातला मित्र हिंजवडीत वातानुकूलित कचेरीत बसून याहून जास्त मिळवतो. ही तफावत नाकारण्यात अर्थ नाही, आणि ‘पुढे भरपूर मिळेल’ असं सांगून ती झाकणंही बरोबर नाही. पुढे भरपूर मिळतं ते मोजक्यांना. या क्षेत्रात पगाराचा आलेख पहिली पाच वर्षं सपाट आणि नंतर चढता असतो, पण चढ आपोआप येत नाही. जबाबदारी बदलली तरच येतो. म्हणून दर दोन वर्षांनी हजार-दोन हजारांसाठी ठेकेदार बदलण्यापेक्षा कामाचं स्वरूप बदलून घेणं अधिक फायद्याचं. घरची परिस्थिती पाच वर्षं थांबू देत नसेल तर स्थापत्यातच राहून डेटा सेंटर्स, रुग्णालयं, औद्योगिक इमारती यांकडे पाहा. तिथे विजेची, वातानुकूलनाची, अग्निशमनाची कामं आणि स्थापत्य यांचा मेळ घालावा लागतो. एका केबल ट्रेसाठी तोडावी लागलेली बीम हा तिथला नेहमीचा तंटा, आणि तो आधीच आराखड्यावर पकडणाऱ्याला बरी किंमत मिळते.

तंत्रज्ञान नोकऱ्या खाईल, ही भीती अर्धी खरी आहे. ड्रोनने प्रगतीचं मोजमाप होतं, बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंगच्या (बीआयएम) त्रिमितीय आराखड्यात पाइप आणि बीमची टक्कर आधीच दिसते, मायवानसारख्या ॲल्युमिनियमच्या साच्यांमुळे स्लॅबचं चक्र आठ-दहा दिवसांवर येतं, आणि रोजचा प्रगती अहवाल आता संगणक स्वतः लिहू शकतो. नुसता अहवाल टाइप करणाऱ्या ज्युनिअरची जागा यात खरोखर धोक्यात आहे. मात्र काम लवकर होऊ लागलं की चूकही लवकर होते. आठ दिवसांत स्लॅब पडतो तेव्हा क्यूबच्या निकालावर साचे काढायचे की थांबायचं, हा निर्णय कुणीतरी सही करून घ्यावा लागतो. ती सही संगणक करत नाही, आणि कायदाही ती त्याच्याकडून मागत नाही. ही साधनं शिका, पण त्यांचे आकडे पडताळायलाही शिका.

पदव्युत्तर शिक्षणाबद्दल थोडक्यात. 1983 मध्ये सुरू झालेली निकमार, व्हीजेटीआयसारखी जुनी, सरकारी अनुदानावर चालणारी महाविद्यालयं यांतून बांधकाम व्यवस्थापन शिकता येतं, आणि मोठ्या कंपन्या तिथे भरतीला जातात. पण पदवीनंतर लगेच जाण्यापेक्षा दोन वर्षं साइट करून गेलेल्याला तिथलं शिक्षण जास्त कळतं. खासगी संस्थांची फी कर्ज काढून भरणार असाल तर मागच्या तुकडीतल्या कुणाला प्रत्यक्ष कोणती नोकरी मिळाली हे विचारा. माहितीपत्रकातल्या सरासरीवर विसंबू नका. पीएमपीसारखी प्रमाणपत्रं परदेशात आणि बहुराष्ट्रीय सल्लागारांकडे चालतात. त्यासाठी चार वर्षांच्या पदवीधराला तीन वर्षांचा आणि पदविकाधारकाला पाच वर्षांचा प्रकल्पांचा अनुभव दाखवावा लागतो, त्यामुळे शेवटच्या वर्षाला त्याचे क्लास लावण्याची घाई नको. सुरक्षेचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम मात्र पदविकाधारकासाठी कमी खर्चात नोकरी देणारा ठरतो.

सरकारी नोकरी हा बहुतेक घरांतला आवडता पर्याय. जलसंपदा, सार्वजनिक बांधकाम, नगरपालिका यांतल्या कनिष्ठ अभियंत्याच्या जागा चांगल्याच आहेत. परीक्षा जरूर द्या. मात्र चार-चार वर्षं नुसती पुस्तकं धरून बसू नका. निवड झाली नाही तर साइटच्या बाजारात ती वर्षं कोरी दिसतात, आणि नोकरी करत तयारी करणाऱ्याला दोन्ही दारं उघडी राहतात. आखाती देशांत मागणी कायम आहे, पण तिथेही ठेकेदाराची पत हाच मुद्दा. जाण्यापूर्वी नियुक्तीपत्रातला मूळ पगार आणि भत्ते वेगवेगळे वाचा, कारण नोकरी संपताना मिळणारी रक्कम साधारणपणे मूळ पगारावर ठरते. मुलींना साइट देऊ नये असा एक जुना समज अजून आहे, आणि काही ठिकाणी स्वच्छ स्वच्छतागृह नसणं हेच त्याचं खरं कारण असतं. प्लॅनिंग, बिलिंग, क्वालिटी यांत मुली मोठ्या संख्येने आल्या आहेत. मात्र पहिली दोन वर्षं साइटचा अनुभव न घेता थेट कार्यालयात बसवलं जात असेल तर त्याला नम्रपणे पण ठामपणे नकार द्या. पुढे प्रोजेक्ट मॅनेजरची जागा निघते तेव्हा नेमका तोच अनुभव विचारला जातो.

शेवटी बायोडेटा. ‘कष्टाळू, संघभावनेने काम करणारा’ ही ओळ काढून टाका. त्याऐवजी लिहा की कुठल्या इमारतीचे किती मजले तुमच्या देखरेखीखाली झाले, महिन्याला किती घनमीटर काँक्रीट पडायचं, किती रकमेची बिलं तुम्ही तयार केली आणि त्यांतली किती कापली गेली, सळईची नासाडी किती टक्के होती. हे आकडे रोजच्या डायरीतच राहतात, म्हणून डायरी पहिल्या दिवसापासून ठेवा. कंपनीची गोपनीय कागदपत्रं मात्र घरी नेऊ नका. मुलाखत घेणारा अनुभवी असेल तर तो फार काळ तांत्रिक प्रश्न विचारणार नाही. तो विचारेल, ‘तुमच्या साइटला उशीर का झाला?’ पाऊस होता, मजूर नव्हते, आराखडे आले नाहीत, असं एका दमात सांगणारे शंभर जण त्याने ऐकलेले असतात. पावसाचे किती दिवस आधीच धरले होते आणि किती जास्त गेले, आराखडा मागणारं पहिलं पत्र कोणत्या तारखेला दिलं, मुदतवाढ किती मागितली, किती मिळाली, आणि उरलेले दिवस आपल्या कोणत्या चुकीमुळे गेले, हे तुम्ही सांगू शकलात तर तो समोरचा कागद बाजूला ठेवून तुम्ही कधी रुजू होऊ शकता ते विचारतो.